पुडी आणि पोते : मक्याच्या रानातील परावलंबन

मृग लागला, पहिल्या पावसाने भुई भिजली, की कोल्हापूर जिल्ह्यातील कोणत्याही बाजारगावी कृषी सेवा केंद्रासमोर तासभर उभे राहावे. हातकणंगले असो, कागल असो वा शिरोळ, दृश्य एकच दिसते. शेतकरी येतो आणि एवढेच सांगतो, "मका टाकलाय." दुकानदार पुढचा प्रश्न विचारत नाही. रान काळे की माळाचे, मागचे पीक कोणते होते, शेणखत पडले आहे का, माती कधी तपासली, यांपैकी कशाचीही चौकशी होत नाही. फळीवरून तणनाशकाची पुडी खाली येते आणि मागच्या गोदामातून युरियाचे पोते बाहेर येते. टंचाईचे दिवस असतील तर त्या पोत्याबरोबर नको असलेली एखादी बाटलीही गळ्यात मारली जाते. या प्रकाराला 'लिंकिंग' असे सोज्वळ नाव आहे. रोग्याची नाडी न पाहता औषध देणाऱ्या वैद्याला समाज भोंदू म्हणतो. मातीची नाडी न पाहता चाललेल्या या व्यवहाराला मात्र 'आधुनिक शेती' म्हणण्याचा प्रघात पडला आहे!

या लेखाचा विषय हीच पुडी आणि हेच पोते. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या राष्ट्राचे अन्न परक्यांच्या पुडीवर आणि परक्यांच्या वायूवर उगवते, त्याचे स्वातंत्र्य किती खोल रुजलेले आहे, हा प्रश्न क्षुल्लक नाही. मका हे त्या प्रश्नाचे आजचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

दोन वस्तू, एकच साखळी

तण आणि खत हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, असे आपल्याला शिकविले जाते. एकाचे उत्तर तणनाशक, दुसऱ्याचे उत्तर युरिया. प्रत्यक्षात या दोन्ही उत्तरांची एकच साखळी आहे, आणि तिची एक कडी दुसरीला ओढत आणते.

मक्याच्या शेतात सर्वाधिक वापरले जाणारे तणनाशक म्हणजे अ‍ॅट्राझिन. पेरणीनंतर, मका उगवण्यापूर्वी, ओल्या जमिनीवर ते फवारायचे. मक्याच्या अंगी हे विष पचविण्याची नैसर्गिक शक्ती आहे, म्हणून मका वाचतो. बाकीचे, विशेषतः रुंद पानांचे रोप, मरते. आता आपल्या वाडवडिलांची पद्धत आठवा. मक्याच्या वा जोंधळ्याच्या दोन ओळी आणि मध्ये उडदाची, मुगाची, चवळीची एखादी ओळ. ही कडधान्ये रुंद पानांचीच! पुडी सुटली, की तणाबरोबर उडीदही गेला आणि चवळीही गेली.

कडधान्य गेले म्हणजे केवळ चार पायल्या डाळ गेली असे नाही. कडधान्याच्या मुळांवर गाठी असतात, त्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि ते हवेतील नत्र मुळाशी आणून ठेवतात. आपण ज्या हवेत श्वास घेतो, तिच्यात सुमारे ७८ टक्के नत्रच आहे. निसर्गाने हा कारखाना प्रत्येक बांधावर फुकट उभा केला होता. तो पुडीने बंद पाडला. मग नत्र कोठून आणायचे? पोत्यातून!

पोते ओतले, की ते नत्र केवळ मका खातो काय? घातलेल्या नत्रापैकी निम्मे वा त्याहूनही कमी पिकाच्या अंगी लागते, ही गोष्ट शेतीशास्त्राची पाठ्यपुस्तकेच सांगतात. उरलेले काही हवेत उडते, काही पाण्याबरोबर खाली झिरपते, आणि काही तणाच्या पोटात जाते. खाऊन माजलेले तण पुन्हा पुडी मागते. त्यातही वर्षानुवर्षे एकच औषध मारले, की त्याला दाद न देणारे तण तेवढे शिल्लक राहते. लव्हाळा आणि हराळी अ‍ॅट्राझिनला भीक घालत नाहीत, हे कोणताही अनुभवी शेतकरी सांगेल. मग लव्हाळ्यासाठी वेगळी बाटली, उगवून आलेल्या तणासाठी तिसरी बाटली! पुडीमुळे पोते आणि पोत्यामुळे पुडी, अशा या रहाटगाडग्यात शेतकऱ्याची जागा बैलाची आहे. तो फिरतो आणि पाणी दुसऱ्याच्या पाटात पडते.

ज्याला तण म्हटले, ती भाजी होती

'तण खाई धन' ही म्हण आपल्याकडे पूर्वापार आहे. 'कृषिपराशर' या प्राचीन ग्रंथातही निंदणीचा स्वतंत्र विचार केलेला आहे. तेव्हा तणाचे नुकसान आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते आणि पाश्चात्त्यांनी येऊन सांगितले, असे मुळीच नाही. मक्याच्या बाबतीत पहिले तीस ते पंचेचाळीस दिवस निर्णायक असतात. त्या काळात रान स्वच्छ राहिले, की पुढे मक्याची सावलीच तणाला दाबते. आपली व्यवस्था नेमकी याच काळासाठी होती. आधी कोळपे, मग भांगलण, मग पुन्हा कोळपे. माणसे कमी पडली तर पैरा. आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही.

त्या भांगलणीत मारणे आणि राखणे यांचा विवेक होता. खुरपे हाती असलेली बाई लव्हाळा मुळासकट उपटी. तांदुळजा, घोळ, पाथरी मात्र ओच्यात जमा करी आणि संध्याकाळी त्याचीच भाजी होई. उपटलेले गवत जनावराच्या पुढ्यात जाई, जनावराचे शेण उकिरड्यावर जाई आणि उकिरडा पुन्हा रानात येई. ज्याला आज कंपनीच्या पत्रकात 'रुंद पानांचे तण' म्हटले जाते, तिला आपली आजी भाजी म्हणत होती. आज तीच भाजी 'रानभाजी महोत्सवा'त विकत घेताना शहरातील मंडळी धन्य होतात. रानातून मात्र ती आपणच पुडी मारून हद्दपार केली!

कोल्हापूरचेच शेतीअभ्यासक प्रताप चिपळूणकर यांनी 'तण देई धन' हा उलटा विचार मांडला. तण योग्य वेळी जागेवरच संपवून त्याचे सेंद्रिय द्रव्य मातीला परत द्यावे, हे त्याचे सार. त्यांच्या पद्धतीत तणनाशकाला स्थान आहे, त्यामुळे ती सर्वांना मान्य होईल असे नाही. परंतु मातीचे पोट सेंद्रिय द्रव्याने भरते, गोणीने नव्हे, हा मुद्दा त्यांनी याच मातीत उभे राहून मांडला, हे महत्त्वाचे. शहाणपण येथे होते आणि आहे. त्याची किंमत करणारे डोळे हरवले.

पोत्याचे कुळ आणि मूळ

युरियाचे पोते सहकारी सोसायटीत मिळते, म्हणून ते आपल्या घरचेच वाटते. त्याचे कुळ जरा तपासू या. हवेतील नत्रापासून अमोनिया करण्याची युक्ती जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी शोधली आणि कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात उतरविली. १९१३ मध्ये ओपाऊ येथे पहिला मोठा कारखाना चालू झाला. लगेच महायुद्ध पेटले आणि हाच अमोनिया दारूगोळ्याच्या कामी आला. १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन वायू सोडण्यामागे हेच हाबर होते, आणि अमोनियासाठी १९१८ चे नोबेल पारितोषिकही त्यांनाच मिळाले. २,४-डी हे आजही सर्रास विकले जाणारे तणनाशक व्हिएतनामवर ओतलेल्या 'एजंट ऑरेंज'चा एक घटक होते. निसर्गाला शत्रू मानून त्याच्याशी युद्ध पुकारणारी दृष्टी आणि माणसांशी युद्ध करणारी दृष्टी यांचे नाते असे जवळचे आहे.

अर्थात कुळ युद्धखोर म्हणून वस्तू त्याज्य, असा आततायी युक्तिवाद आम्ही करणार नाही. साठच्या दशकात अमेरिकेच्या गव्हाची जहाजे बंदरात लागल्याशिवाय आपल्या रेशन दुकानांत धान्य पोहोचत नव्हते. त्या लाजिरवाण्या स्थितीतून देश बाहेर काढण्यात नव्या वाणांचा व रासायनिक खतांचा वाटा होता, हे नाकारणे म्हणजे कृतघ्नपणा. (त्याच काळात परदेशी गव्हाबरोबर आले असे मानले जाणारे गाजरगवत पुण्यापासून देशभर पसरले. लोकांनी त्याला 'काँग्रेस गवत' का म्हटले, हे वाचकांना सांगायला नकोच!) प्रश्न हा, की संकटकाळी घेतलेले औषध साठ वर्षे रोजचे जेवण म्हणून चालू ठेवायचे काय?

४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २१ किलो नत्र असते. मक्याची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश. एकराचा हिशेब केला तर सगळे नत्र युरियातून दिले तरी सव्वादोन ते अडीच गोण्यांत भागते, आणि तेही एकदम नव्हे, तीन हप्त्यांत द्यायचे असते. प्रत्यक्षात काय होते? शेजाऱ्याच्या रानाला 'काळोखी' आली, की आपल्याही रानाला आली पाहिजे! पीक काळेभोर दिसले, की मन भरते. त्या काळोखीबरोबर मऊ पडलेला, लोळणारा, किडीला आमंत्रण देणारा मका येतो, हे ध्यानात येईपर्यंत अमेरिकन लष्करी अळी पोंग्यात शिरलेली असते. ही अळी २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याजवळ देशात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. तिच्यासाठी आणखी एक बाटली!

आपल्या जिल्ह्याला आणखी एक जोखीम आहे. येथे घरोघर दूध आहे आणि मका बऱ्याचदा दाण्यापेक्षा वैरणीसाठी केला जातो. अति नत्र दिलेल्या आणि पावसाच्या ताणात अडकलेल्या मक्याच्या ताटांत नायट्रेट साचते आणि ते जनावराला बाधते, प्रसंगी जिवावर बेतते. खालच्या पाण्यात झिरपलेले नायट्रेट तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करते, म्हणूनच पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरविलेली आहे. आपल्या गावच्या विहिरीचे पाणी या दृष्टीने शेवटचे कधी तपासले गेले? पंचगंगेवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, तेव्हा आपण नगरपालिकांच्या सांडपाण्याला आणि कारखान्यांच्या मळीला बोल लावतो. मुख्य दोष त्यांचाच आहे. परंतु शिवारातून वाहून जाणाऱ्या नत्राचाही त्यात हात आहे, आणि ते नत्र कोणा कारखानदाराने टाकलेले नसते.

अमेरिकेचा आज, आपला उद्या?

मका मूळचा मेक्सिकोचा. त्याची आजची राजधानी मात्र अमेरिकेतील आयोवा आणि आसपासची राज्ये. आपले विकासपुरुष ज्या शेतीकडे बोट दाखवितात, ती हीच. मैलोन्‌मैल एकच पीक, बांध नाही, झाड नाही, जनावर नाही. तेथील नव्वद टक्क्यांहून अधिक मका जनुकीय फेरफार केलेला आहे आणि त्यातील बहुतेक वाणांत तणनाशक सोसण्याचा गुण घातलेला आहे. बियाणे ज्याचे, बहुधा औषधही त्याचेच!

या वैभवाची किंमत काय? त्या शेतांतून वाहिलेले नत्र मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात जाते आणि तेथे दर उन्हाळ्यात हजारो चौरस किलोमीटरचा असा पट्टा तयार होतो, की ज्यात प्राणवायूअभावी जलचर जगू शकत नाहीत. आयोवाच्या राजधानीच्या पाणीपुरवठा मंडळाने २०१५ मध्ये शेतांतून येणाऱ्या नायट्रेटविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. तो दावा २०१७ मध्ये फेटाळला गेला. २०२५ च्या उन्हाळ्यात नद्यांतील नायट्रेट इतके वाढले, की त्या परिसरात हिरवळीला पाणी घालण्यावरही बंदी आली. जगाला मका पुरविणाऱ्या प्रांतात शुद्ध पाण्याची ही कथा!

आणि हाच मका आता आपल्या दाराशी उभा आहे. भारतात जनुकीय मक्याच्या लागवडीस परवानगी नाही. २०२५ मध्ये व्यापार वाटाघाटी चालू असताना अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक यांनी जाहीर तक्रार केली, की एवढ्या लोकसंख्येचा भारत आमचा थोडासाही मका का घेत नाही? का घ्यावा? हा प्रश्न त्यांना विचारण्याची हिंमत आपल्यात हवी, आणि ती हिंमत आपल्या रानातील स्वावलंबनातूनच येईल.

पुडीचीही जन्मकथा अशीच आहे. अ‍ॅट्राझिन १९५८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील बासेल शहरातील गायगी कंपनीतून बाहेर पडले. तिची आजची वारसदार सिंजेंटा. २०१७ मध्ये ती चीनच्या सरकारी मालकीच्या केमचायनाने विकत घेतली. युरोपीय महासंघाने भूजलात हे द्रव्य मर्यादेपलीकडे सापडते, या कारणाने २००४ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाचे टायरन हेज यांनी बेडकांवर त्याचे विपरीत परिणाम होतात, असे निष्कर्ष मांडले. कंपनीने ते अमान्य केले आणि वाद आजही मिटलेला नाही. आपल्याकडे केंद्र सरकारने मे २०२० मध्ये २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात अ‍ॅट्राझिन होते. २०२३ मध्ये अंतिम आदेश आला, तेव्हा बंदी तीनच द्रव्यांवर उरली आणि अ‍ॅट्राझिन तीत नव्हते. युरोपच्या विहिरीला जे चालत नाही, ते कोल्हापूरच्या विहिरीला कसे चालते, याचे उत्तर कोणी तरी द्यावे.

आक्षेप आणि उत्तरे

आता आक्षेपांकडे वळू. ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. भांगलणीला माणसे कोठून आणायची? एका एकराला आठ-दहा बाया लागतात आणि मजुरी देऊनही त्या मिळत नाहीत. पुडीचा खर्च मात्र एक-दोन बायांच्या दिवसाच्या मजुरीत भागतो. शिवाय दिवसभर चिखलात वाकून खुरपणे हे काव्य नव्हे. त्या बाईच्या कमरेला विचारा! हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. ज्यांनी आयुष्यात खुरपे हाती धरले नाही, त्यांनी शेतकऱ्याला भांगलणीचे माहात्म्य सांगू नये, आणि प्रस्तुत लेखक त्याच वर्गातील असल्याने हे वाक्य प्रथम स्वतःला उद्देशून आहे. परंतु वाकलेली कंबर सरळ करण्याचा एकच मार्ग विषाचा आहे, हे कोणी ठरविले? ओळीतून चालणारे सुधारित कोळपे, सायकलच्या चाकाचे हातकोळपे, लहान यंत्रे, उसाच्या पाचटाचे आच्छादन, मध्ये दाट वाढणारी चवळी, हे सारे मार्ग आहेत. आंतरपीक असताना फवारणी अटळच असेल, तर कडधान्याला सोसणारे पेंडिमिथॅलिनसारखे पर्याय कृषी विद्यापीठेच सांगतात. मग दुकानात सरसकट अ‍ॅट्राझिनच का पुढे केले जाते? स्वस्त आहे म्हणून, आणि विचारणारा कोणी नाही म्हणून.

दुसरा आक्षेप श्रीलंकेचा. २०२१ मध्ये तेथील सरकारने एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद केली, भातपीक कोसळले, चहा घसरला आणि काही महिन्यांतच माघार घ्यावी लागली. तुम्हाला भारतात हेच हवे आहे काय? मुळीच नाही. व्यसनी माणसाचे औषध एका रात्रीत तोडले तर तो दगावतो, हे वैद्यकातील पहिले शहाणपण आहे. श्रीलंकेचा धडा घाईविरुद्ध आहे, दिशेविरुद्ध नाही. तेथेही हुकूम वरून आला आणि खाली उकिरडे रिकामेच होते.

तिसरा आक्षेप शेतकरी संघटनेच्या विचारातील मित्रांचा आहे. त्यांना तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हवे. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात त्यांनी तणनाशक-सहनशील, अनधिकृत कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरले. शेतकऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य हवे, हे त्यांचे म्हणणे आम्हालाही मान्य आहे. परंतु ज्या बियाण्याला एकाच प्रकारची बाटली लागते, ते निवड वाढविते की संपविते? दरवर्षी बियाण्यासाठी, औषधासाठी आणि खतासाठी एकाच दारात उभे राहणे, याला स्वातंत्र्य म्हणायचे तर गुलामी कशाला म्हणायचे? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या माणसांना कोणते स्वातंत्र्य मिळाले होते?

चार शब्द आपल्याच माणसांना

परक्यांवर टीका करणे सोपे असते. थोडे घरातही पाहू.

२०१० मध्ये खतांच्या अनुदानाचे नवे धोरण आले. तेव्हा स्फुरद व पालाश मोकळे सोडले आणि युरिया नियंत्रणातच ठेवला. तो निर्णय काँग्रेस सरकारचा होता. परंतु त्यानंतर सत्ता बदलली आणि ती विसंगती तशीच राहिली. परिणाम असा, की युरिया किलोला सहा रुपयांच्या आत आणि डीएपी सत्तावीस रुपयांना. मग शेतकरी कशाकडे झुकेल? नत्र, स्फुरद, पालाश यांचे ४:२:१ हे प्रमाण पुस्तकातच राहते. २०१५ मध्ये सर्व युरियाला निंबोळीचा लेप सक्तीचा झाला, मृदा आरोग्य पत्रिका आली, २०१८ मध्ये गोणी ५० वरून ४५ किलोची झाली, २०१९ मध्ये लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी रासायनिक खते कमी करण्याचे आवाहन केले, २०२३ मध्ये पीएम-प्रणाम योजना आली, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नैसर्गिक शेतीचे २,४८१ कोटी रुपयांचे अभियान मंजूर झाले. ही सगळी पावले योग्य दिशेची आहेत आणि त्यांचे स्वागतच. परंतु त्याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे? युक्रेन युद्धाच्या वर्षी, म्हणजे २०२२-२३ मध्ये, खतांचे अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. एकीकडे अडीच लाख कोटींनी पोते स्वस्त करायचे आणि दुसरीकडे अडीच हजार कोटींनी ते घेऊ नका म्हणायचे! शेतकरी भाषण ऐकत नाही, भाव पाहतो. हेच अनुदान टप्प्याटप्प्याने थेट शेतकऱ्याच्या खात्यात दिले आणि त्याने त्यातून युरिया घ्यावा, शेणखत घ्यावे की तागाचे बी घ्यावे हे त्याच्यावर सोपविले, तर काय बिघडेल?

इथेनॉलचेही तसेच. २०२३ च्या डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉलवर निर्बंध आले आणि मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे भाव मिळाला. मका एकदम 'इंधनाचे पीक' झाला. खनिज तेलाची आयात कमी व्हावी, हा हेतू राष्ट्रहिताचा आहे. परंतु आयात केलेल्या नैसर्गिक वायूपासून युरिया करायचा, त्यावर मका पिकवायचा आणि त्यापासून स्वदेशी इंधन केले असे म्हणायचे, यात हिशेबाची एक बाजू झाकली जाते. ती उघडून पाहिली पाहिजे. शिवाय २०२५ च्या अखेरीस सीमेपलीकडे कर्नाटकात मका हमीभावाच्या, म्हणजे क्विंटलला २,४०० रुपयांच्या, खूप खाली गेला आणि शेतकरी रस्त्यावर उतरले. पुडी आणि पोते रोखीने घेतलेल्या माणसाला भाव पडल्यावर कोणी वाली उरत नाही.

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्राने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले. आपल्या सर्वांना आनंद झाला. पण घोषणेने उकिरडा भरत नाही! गोठ्यात गाय असेल तरच शेण आणि गोमूत्र रानात जाईल. गाईचा जयजयकार करणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांच्या शेतात आजही पोतेच पडते, याचा विचार प्रत्येकाने रात्री निजताना करावा.

मग करायचे काय?

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९७९ मध्ये कोटा येथे भारतीय किसान संघाची स्थापना केली. त्यांच्या विचारात शेतकरी याचक नव्हता. दीनदयाळजींनी १९६५ मध्ये मुंबईच्या व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले. निसर्गाचे दोहन करावे, शोषण करू नये, हा त्या विचाराचा शेतीपुरता अर्थ. दूध काढणे आणि रक्त काढणे यांतील भेद ज्याला कळतो, त्याला भूमी सुपोषणाचे अभियान वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला राहून भारतीय शेतकऱ्यांकडून शिकत कंपोस्टची 'इंदूर पद्धत' सिद्ध केली आणि १९४० मध्ये ग्रंथ लिहून ती जगाला सांगितली. पश्चिमेकडील सेंद्रिय शेती त्यांना गुरुस्थानी मानते. आपले ज्ञान आपल्यालाच परक्या भाषेतून परत घ्यावे लागावे, हे दुर्दैव थांबविणे आपल्याच हाती आहे.

कोल्हापुरात त्यासाठी सारे साहित्य उपलब्ध आहे. कसबा बावड्यात मका संशोधनाचा प्रकल्प आहे. तेथील शास्त्रज्ञांशी बोलता येते. कणेरीच्या सिद्धगिरी मठाने सेंद्रिय शेतीचे काम उभे केले आहे आणि २०२३ च्या फेब्रुवारीत 'सुमंगलम्' पंचमहाभूत लोकोत्सवाच्या निमित्ताने लाखो लोकांनी ते पाहिले. माळावर मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणारे धनगर बांधव आहेत. त्यांची मेंढरे चार रात्री रानात बसविली, तर जे खत पडते त्याला कोणत्याही गोणीची सर येत नाही.

तेव्हा प्रत्येक गावातील कार्यकर्त्याने येत्या खरिपात एवढे करावे. स्वतःच्या वा मित्राच्या रानात फक्त पाच गुंठे बाजूला काढावेत. माती आधी तपासून घ्यावी. मक्याच्या दोन ओळींत उडीद वा चवळीची एक ओळ टाकावी. शेणखत वा लेंडीखत घालावे, नत्र निम्म्यावर आणून तीन हप्त्यांत द्यावे, पुडी टाळून दोन कोळपण्या आणि एक भांगलण करावी. भांगलणीला चार कुटुंबांनी पैरा करावा, आणि त्यात आपल्या घरातील पुरुषांनीही खुरपे धरावे. शेजारी नेहमीच्या पद्धतीचे पाच गुंठे ठेवावेत. दोन्हींचा खर्च, मका, वैरण आणि डाळ यांचा हिशेब वहीत लिहावा आणि तो जसा असेल तसा गावासमोर ठेवावा. पहिल्या वर्षी मका काही पायल्या कमी भरला, तर तेही लपवू नये. खोट्या आकड्यांवर उभे राहिलेले सत्कार्य टिकत नाही. तिसऱ्या वर्षी माती स्वतःच साक्ष देईल.

शहरात राहणाऱ्या कुटुंबांनाही काम आहे. अशा रानातील उडीद, चवळी आणि मका ठरलेल्या, रास्त भावाने घेण्याचे वचन दहा-दहा घरांनी मिळून द्यावे. शेतकऱ्याला उपदेश पुष्कळ मिळतो, गिऱ्हाईक मिळत नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण बांधायला घेतले, ते पुढच्या पिढ्यांच्या शेतात पाणी खेळावे म्हणून. ते पाणी आपल्याला मिळाले. आपण त्या पाण्यात नायट्रेट मिसळून पुढच्या पिढीच्या हाती पेला देणार आहोत काय? नागपंचमीला आपल्याकडे नांगर धरत नाहीत, भुईतल्या जीवाला इजा होऊ नये म्हणून. वर्षातून एक दिवस पाळलेले ते भान उरलेल्या दिवसांतही असू द्यावे, एवढेच मागणे आहे.